अस्सल बगळा

भिंगरीच्या नाकावर राग असतो असं गल्लीतले लोक म्हणायचे. तिला ते पुरतं ओळखत नव्हते एवढाच त्याचा अर्थ. राग तिच्या नाकावर नव्हताच, हातात होता. ती गाड्यांची सीट कव्हरं शिवायची, आणि जाड रेक्झिनमधून दाभण आरपार ओढताना ती मनात कोणाचं तरी नाव घेत असणार, हे बघणाऱ्याला न सांगता कळायचं. उजवा गुडघा वाकत नसल्यामुळे तो पाय ती मशीनखाली लांब पसरून बसायची, आणि गिऱ्हाईक त्या पायाला अडखळलं तर गिऱ्हाइकालाच चार शब्द ऐकवायची.

त्या दिवशी सकाळी टेम्पोवाल्याने दुकानात एक पोतं आणून टाकलं. तुमच्या वहिनींनी पाठवलंय, असं सांगून तो गेला. भिंगरीने पोत्याची दोरी कापली, आणि आत काय आहे ते दिसल्यावर कात्री हातात तशीच राहिली.

आत एकचाकी सायकल होती. एक चाक, ते दोन्हीकडून धरणारा उभा चिमटा, चिमट्यावर फाटकी सीट. वरून खालपर्यंत चांदीसारख्या रंगाचा जाड थर फासलेला. एका बाजूला पायडल होतं, दुसऱ्या बाजूला नव्हतं. रंग लावला म्हणून काय झालं? ज्या यंत्राने आपला पाय घेतला ते यंत्र माणूस रंगाखालीसुद्धा ओळखतं.

ती वहिनीला फोन करणार तोच वहिनीचाच आला. सीटमधून स्पंज बाहेर आलाय, तेवढं एक छान कव्हर घालून द्या, दोन दिवसांत हवंय, असं वहिनी गोड आवाजात सांगत होती. दादाच्या शाळेची नवी इमारत उघडायची होती. दादाची शाळा म्हणजे पोरांना दोरीवर चालायला, चेंडू झेलायला, एकचाकी चालवायला शिकवण्याची. दारातच काचेचं कपाट केलं होतं आणि त्यात ही सायकल ठेवायची होती. पोत्यात पाटी पण आहे, तिला ओरखडा जाऊ देऊ नका, असंही वहिनी म्हणाली. वहिनीचा यात काही दोष नव्हता. ती या घरात आली ती सगळं होऊन गेल्यावर, आणि तिच्या लेखी ही सायकल म्हणजे एक फाटकी सीट होती.

पाटी पितळेची होती, चकचकीत. भिंगरीने ती उजेडात धरली आणि वाचली.

'नकली बगळा. घाईत, स्वस्तात घेतलेली सायकल. हिने एक गुणी कलाकार कायमची घरी बसवली.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुणी कलाकार म्हणजे ती. आणि घाईत, स्वस्तात घेणारी म्हणजे आई, जी आत्ता दुकानाच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून शिवलेल्या कव्हरांचे दोरे चाचपून कापत होती.

"काय आलंय गं?" आईने विचारलं.

"काही नाही, जुनी सीट आहे," भिंगरी म्हणाली, आणि पाटी गल्ल्यात उपडी टाकली.

आता ही आई म्हणजे काय होती आणि काय झाली, ते सांगायलाच हवं, नाहीतर या रागाला बूड राहायचं नाही. भिंगरी आणि दादा दोघं सर्कशीत होते. ती एकचाकीवर फिरायची, म्हणून तर भिंगरी. दादा चाकवाला, म्हणजे तिच्या सायकलीची देखभाल त्याच्याकडे. आई तंबूमागे पोशाख शिवायची. त्या काळी एकचाकी सायकल म्हटली की बगळा छाप, दुसरं नाव कोणी घेत नसे. कारखान्याची खूण एका पायावर उभा असलेला बगळा. नकली बगळेही पुष्कळ निघाले होते. त्यांच्यावर नुसता कागदी बगळा चिकटवलेला असे, आणि तो पहिल्या पावसात पळून जाई. आईने सोनं मोडलं आणि स्वतः कारखान्यात गेली. दिवसभर तिथे ठाण मांडून बसली, एकेक चाक कानाशी धरून फिरवलं, कारखानदाराला नको नको करून सोडलं, आणि संध्याकाळी एक सायकल खांद्यावर टाकून आली. तेव्हा हाच दादा ती सायकल सगळ्या तंबूला दाखवत हिंडला होता. माझ्या आईची पारख बघा, म्हणत होता.

पुढे एका खेळात उंच फळीवर असताना भिंगरीच्या उजव्या पायाखालचं पायडल उखडून आलं. खाली पडली ती गुडघ्यावर. इस्पितळात दादा तिचा हात धरून रडला होता, आणि रडता रडता म्हणाला होता की सायकल नकली निघाली, लोखंड कच्चं होतं, आपल्या भोळ्या आईला कोणीतरी फसवलं गं. भोळ्या आईला, असं म्हणाला. मग सगळी सर्कस तेच म्हणू लागली. सगळं खापर आईच्या डोक्यावर फुटलं, आणि तेही कीव करत करत, हळूच. शिवी दिली असती तर आईने उलट उत्तर दिलं असतं. कीव करणाऱ्याला काय उत्तर देणार?

त्या दिवसापासून आईने दुकानात गेल्यावर हात मागे बांधले. साधा नॅपकीन घ्यायचा तर ती भिंगरीला पुढे करी. भाजीवालीकडे गेली तर पिशवी तिच्याच हातात देई आणि म्हणे, तुला बरे वाटतील ते घाल, मला नाही कळत. घाल म्हटल्यावर ती काय घालते ते तुम्हाला माहीत आहे. घरी येऊन भिंगरी किडके बटाटे बघून चरफडे आणि आई भिंतीकडे तोंड करून बसे. तुझा काही दोष नाही आई, असं भिंगरी शंभरदा म्हणाली असेल. पण दोष आहे हे धरूनच ती तसं म्हणायची, आणि आईला ते ऐकू यायचं.

आणि आता दादाला हे काचेच्या कपाटात मांडायचं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावं म्हणून. वर त्याच सायकलीची सीट शिवायला बहिणीकडे धाडायची. भिंगरीने ठरवलं की कव्हर गेलं खड्ड्यात. आधी सीट फाडायची, मग सगळी सायकल भंगारात द्यायची, आणि दादाने विचारलं तर पाटी त्याच्या तोंडावर फेकायची. दुपारी आई खुर्चीत डुलक्या घेऊ लागल्यावर तिने सायकल शिकंज्यात आवळली आणि सीटवरचं चिकटवलेलं जुनं कापड एका हिसक्यात ओढून काढलं.

फाडायला काढलेली सीट तिने फाडली मात्र नाही. स्पंज निघाला, आणि खाली चामडं लागलं. बोटाएवढं जाड, कडेने मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी शिवलेलं. एक टाका इकडे तिकडे नाही. इतकी वर्षं ती सीटा शिवत होती, चांगली शिवण कशी असते ते तिला दुसऱ्याने सांगायला नको होतं. नकली माल करणारा माणूस सीटच्या पोटात, जिथे कोणी बघणार नाही तिथे, असली शिवण कशाला घालील? तो चार खिळे मारून मोकळा होईल.

तिने वाकून सीटच्या खाली बघितलं. चामड्याखालच्या लोखंडी पट्टीवर गंज होता. तो तिने दाभणाने खरवडला. गंजाखाली ठोकून उठवलेला बगळा होता. एका पायावर उभा.

ती स्वतःशीच म्हणाली, उगीच हुरळून जाऊ नकोस, पट्टी एकीकडची आणि सायकल दुसरीकडची असेल. म्हणून तिने थिनरचा डबा काढला आणि चिमट्यावरचा चांदीचा रंग चिंधीने घासायला घेतला. रंग सोलून निघाला. चिमट्याचे सांधे पितळेच्या झाळेने जोडलेले होते, गुळगुळीत, नखाला लागणार नाहीत असे. नकली बगळ्यांचे सांधे म्हणजे नुसती डबडबलेली वेल्डिंग असायची, त्यावर हात फिरवला तर रक्त निघायचं. चिमट्याच्या खांद्यावर पुढच्या बाजूला दोन छोटी भोकं होती, कारखान्याचा बिल्ला बसवण्याची. बिल्ला कोणीतरी उपटला होता. पण त्या भोकांच्या मधोमध लोखंडातच पुन्हा तो बगळा ठोकलेला होता, तो कोण उपटणार? रंगाने त्याला इतकी वर्षं झाकून ठेवलं होतं एवढंच.

तिने चाकाला झोका दिला. चाक फिरू लागलं आणि फिरतच राहिलं. आवाज नाही. दादाच्या माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेलं बेअरिंग, तेलाचा थेंब नाही, आणि तरी ते चाक असं फिरत होतं.

आता राहिलं कच्चं लोखंड. पायडल ज्या दांडीच्या टोकाला पिळून बसवतात तिला क्रँक म्हणतात, आणि त्या क्रँकचे आटे गेले म्हणून तर पायडल उखडलं होतं. भिंगरीने कानस घेतली आणि क्रँकवर जोर देऊन ओढली. कानस सुर्रकन घसरून गेली, ओरखडासुद्धा उठला नाही. कच्च्या लोखंडाचा कीस पडला असता. मग तिने चष्मा पुसला, टॉर्च घेतला आणि त्या भोकात बघितलं. आतले आटे नव्यासारखे होते, धारदार. फक्त बाहेरच्या तोंडाचे दोन-चार पिळे फाटून गेले होते.

लोखंड कच्चं असतं तर सगळे आटे एकदम गेले असते. फक्त तोंडाकडचे फाटले, म्हणजे पायडल आधीच आतून सुटत सुटत बाहेर आलं होतं, शेवटच्या पिळ्यांवर लटकत होतं, आणि तिने त्यावर भार टाकला. पण चांगलं आवळलेलं पायडल आपोआप सुटेल कसं? चालवताना ते उलट जास्त आवळत जातं. त्यासाठीच तर डाव्या पायडलचे आटे उलटे पाडलेले असतात.

तेव्हा तिचं लक्ष गेलं. ती सायकलीच्या मागे, बसणाऱ्याच्या जागी उभी होती. सीटचं निमुळतं नाक पुढे होतं. आणि आटे गेलेली क्रँक तिच्या डाव्या हाताला होती.

डाव्या.

पायडल तर उजव्या पायाखालचं उखडलं होतं. बाकी जग काय वाटेल ते विसरो, तिचा गुडघा ते विसरणार नव्हता. सीट कोणी फिरवली असेल म्हणून तिने पुन्हा चिमटा बघितला, पण बगळा पुढेच बघत होता. सीट बरोबर होती. तिने उरलेलं पायडल काढून त्या भोकात पिळून बघितलं, ते जाईना. उलटं पिळूनही बघितलं, तेव्हाही जाईना, कारण ते सुलट्या आट्यांचं होतं. हिचे आटे उलटे. म्हणजे ही डावीच क्रँक, जन्माची डावी. आणि त्या दिवशी ती होती उजवीकडे.

दुचाकीवर ही चूक करायची म्हटली तरी करता येत नाही, साखळी आड येते. एकचाकीला साखळी नसते. चाक चिमट्यातून काढलं, टायर बदलला, आणि परत बसवताना ते उलटं बसलं तर बघणाऱ्याला काही कळत नाही, बसणाऱ्यालाही नाही. मात्र मग प्रत्येक फेरीला पायडल आवळायच्या ऐवजी सुटत जातं. त्या दिवशी खेळाच्या आधी दादाने टायर बदलला होता. तिला आठवत होतं, कारण तिने त्याला घाई कर म्हटलं होतं आणि तो बँडवाल्यांशी गप्पा मारत बसला होता. सर्कशीत रीत होती. फळीवर चढण्याआधी खेळवालीने विचारायचं, चाक? आणि चाकवाल्याने क्रँक हाताने धरून, दोन्ही पायडलं ओढून बघून म्हणायचं, बघितलं. त्याशिवाय वर चढायचं नाही. तिने विचारलं होतं. तोही म्हणाला होता, बघितलं. लांबूनच म्हणाला होता.

बरं, हेही एक वेळ ती गिळून टाकती. पण आता चाक सुलटं होतं. उलटं बसलेलं चाक स्वतःहून सुलटं होत नाही. कोणीतरी ते काढून, फिरवून, परत बसवलं होतं, आणि वरून चांदी फासली होती, आणि बिल्ला उपटला होता. सायकलीला हात लावणारा माणूस एकच होता.

तिने वहिनीला फोन केला आणि सायकल इथे पाठवलीय हे दादाला माहीत आहे का, एवढंच विचारलं. वहिनी म्हणाली, छे, त्यांना कुठे वेळ आहे, आत्ता सांगते.

चहा उकळायच्या आत दादाची गाडी दारात उभी राहिली.

आई जागी झाली होती आणि पुन्हा दोरे कापायला बसली होती. दादा आत आला तो धापा टाकतच. केस काळेभोर रंगवलेले, शाळेचं नाव छापलेला सदरा. कव्हरची काही गरज नाही, जुनी वस्तू जुनी दिसलेलीच बरी, तुझ्या वहिनीला काही कळत नाही, असं तो दारापासूनच बोलत होता. मग त्याला शिकंज्यातली सायकल दिसली, सोललेला रंग दिसला, बगळा दिसला.

भिंगरीने दिवसभर मनात शिव्यांची माळ ओवून ठेवली होती. त्यातली एकही तिने दिली नाही. ती लंगडत सायकलीच्या मागे जाऊन उभी राहिली, सीटवर हात ठेवला आणि विचारलं,

"चाक?"

दादाचा हात पुढे आला. सवयच ती, अंगात मुरलेली. क्रँकपर्यंत आला आणि तिथेच अडला. तोंड उघडलं, पण तो शब्द काही निघाला नाही.

"बोल ना. त्या दिवशी चटकन बोलला होतास."

"भिंगरे, चाक दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं गं," दादा म्हणाला. त्याचा आवाज एवढासा झाला होता.

"कधी कळलं तुला?"

त्याने आईकडे चोरून बघितलं. मग सगळं सांगून टाकलं. त्याच संध्याकाळी कळलं होतं. तिला इस्पितळात नेल्यावर तो सामान गोळा करत होता, पडलेलं पायडल उचललं, लावून बघितलं तर ते उलटं पिळावं लागलं, आणि त्याची पाचावर धारण बसली. कोणी यायच्या आत त्याने चाक फिरवून टाकलं. मग माणसं आली, काय झालं म्हणून विचारू लागली, आणि तोंडातून निघून गेलं की सायकलच वाईट. त्या माणसांसमोर आईचं नाव आपण घेतलं नव्हतं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. एकदा खोटं बोललं की तेच पुढे नेत राहावं लागतं, तुला काय सांगू माझं काय झालं असेल, असंही म्हणाला. त्याचं काय झालं असेल!

"चाक उलटं बसलं, ती चूक," भिंगरी म्हणाली. "माणसाच्या हातून होते. माझा पाय मी त्या चुकीला देऊन टाकला असता, दादा, हसत दिला असता. पण तू ते सुलटं करून ठेवलंस. आणि सायकल कोणी आणली हे सगळ्या तंबूला माहीत असताना सायकल वाईट म्हणालास. आणि वर आता पितळेची पाटी केलीस."

"ती पोरांना धडा म्हणून..."

"पोरांना?"

कोपऱ्यातली कात्री कधीच थांबली होती. आईने ती मांडीवर ठेवली आणि विचारलं,

"म्हणजे सायकल चांगली होती?"

मग भिंगरीने आईला धरून उठवलं, सायकलीपाशी आणलं आणि तिचं बोट चिमट्यावरच्या बगळ्यावर ठेवलं, कारण एवढं बारीक आता आईला दिसत नव्हतं. आईने बोट सावकाश फिरवलं. चोच, मान, पाठ.

"एकच पाय आहे," आई म्हणाली.

"हो आई, एकच आहे. अस्सल आहे."

दादा आईच्या पायाशी बसला. चुकलो आई, म्हणाला, आणि खरंच रडू लागला. भिंगरीला पुढचं सगळं दिसत होतं. आता आईचा हात उठणार, त्याच्या रंगवलेल्या डोक्यावरून फिरणार, जाऊ दे रे म्हणणार, आणि इतक्या वर्षांचा हिशेब त्या दोन शब्दांत बुडणार. तिला आईचाही आधीच राग येऊ लागला होता.

आईचा हात उठला खरा. तो चाकावर गेला. तिने चाकाला झोका दिला, मान कलती केली आणि ऐकत उभी राहिली, कारखान्यात राहिली असेल तशी. चाक थांबल्यावरच ती वळली.

"कसली पाटी केलीयस?" तिने विचारलं.

भिंगरीने गल्ल्यातून पाटी काढली आणि वाचून दाखवली. एकेक शब्द सुटा करून वाचला. दादाने डोळे मिटून घेतले आणि पाटी आजच्या आज काढून टाकतो म्हणाला.

"काढू नकोस. बदल," आई म्हणाली. "सायकल अस्सल आहे असं लिही. आईने पारखून आणली असं लिही. आणि त्या दिवशी चाक कोणी बसवलं, तेही लिही."

"आई, शाळा आहे माझी. हे वाचून माझ्याकडे पोरं कोण सोपवील?"

"इतकी वर्षं मी स्वतःवर बटाटे निवडायचंसुद्धा सोपवलं नाही," आई म्हणाली. "तुझ्याकडे पोरं सोपवायची का नाही, ते वाचून त्यांचं ते ठरवतील."

दादा उठला, सायकलीला हात लावू की नको असं करत उभा राहिला. भिंगरीने पुढे होऊन सायकल आणि त्याच्या मध्ये आपला तो लाकडासारखा पाय रोवला. बदललेली पाटी आण, मग सायकल ने, असं तिने सांगितलं. त्याला दारापर्यंत पोचवायला ती गेली नाही.

तुम्ही विचाराल, मग तिचा राग गेला का? कशाला जाईल? संध्याकाळी वहिनीने रडत फोन केला, तेव्हा भिंगरीने तिलाही फाडकन सांगितलं की रडायचं असेल तर नवऱ्यासमोर रड. रात्री ती सीटवर चामड्याचं कव्हर चढवत बसली, फुकट, आणि प्रत्येक टाक्याला दादाचं नाव घेत होती. चार दिवसांनी एक पाटी आली. तिच्यात बगळा अस्सल होता, आईची पारख होती, चाक कोणी बसवलं ते नव्हतं. भिंगरीने ती आल्या टेम्पोने परत धाडली.

मात्र दादा येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक गोष्ट झाली. आईने खुंटीवरची पिशवी स्वतः काढली आणि चल म्हणाली. भाजीवालीने नेहमीप्रमाणे पिशवी घ्यायला हात पुढे केला. आई म्हणाली, थांब, मी बघते. ती ढिगाऱ्यासमोर वाकली आणि एकेक बटाटा उचलून, अंगठ्याने दाबून, नाकाशी नेऊन बघू लागली. मागे रांग लागली. कोणीतरी च्यक् च्यक् केलं. भिंगरीने वळून त्या माणसाकडे असं बघितलं की तो शेजारच्या कांद्यांचे भाव विचारू लागला.

घरी येऊन भिंगरी चिरायला बसली. पहिले सगळे पांढरेशुभ्र निघाले. मग एकाचे दोन भाग केले, तर आत काळा. तिने तो पटकन सालांच्या खाली सारला.

"काळा निघाला ना?" आई म्हणाली. तिला बारीक दिसत नव्हतं, पण लेकीचे हात कळत होते.

"एकच आहे गं."

"निघतो एखादा," आई म्हणाली. "टाक तो. उद्या परत मीच आणणार आहे."